औषध बदललं तरी काकडीवरची भुरी जात नाही, तेव्हा काय तपासायचं

इंदूरजवळ, सांवेरच्या अलीकडे माझ्या मामांची दोन बिघे काकडी असते, मल्चिंग आणि ड्रिपवर. गेल्या वर्षी फेब्रुवारीत पंचवीस दिवसांत पाच फवारण्या झाल्या, तरी खालची पानं पिठात बुडवून काढल्यासारखी पांढरी होती. मामांचा फोन आला, "अगं, तीन दवाया बदलून झाल्या. आता चौथी कोणती आणू ते सांग." मी म्हटलं, "मामा, आणू काहीच नका. रिकाम्या बाटल्या फेकल्या नसतील तर तेवढ्या जपून ठेवा." रविवारी इंदूरच्या रामबागेतून निघाले आणि थेट शेतावर गेले.

ओट्यावर तीन रिकामी पॅकिंगं ओळीनं मांडलेली होती. रंग वेगळे, कंपन्या वेगळ्या, किमतीही वेगळ्या. मोठ्या अक्षरातलं नाव सोडून मी खालचं बारीक वाचलं. पहिल्यावर एझॉक्सिस्ट्रॉबिन, दुसऱ्यावर क्रेसॉक्सिम मिथाइल, तिसऱ्यावर ट्रायफ्लॉक्सिस्ट्रॉबिन अधिक टेब्युकोनॅझोल. म्हणजे तिन्हींत स्ट्रॉबिल्युरिन, एकाच घरातल्या तीन सख्ख्या बहिणी. मामांनी दुकान बदललं, डबा बदलला, पण बुरशीच्या दृष्टीनं पाचही वेळा तिच्यावर तोच वार झाला. तिसऱ्या औषधानंतर "चार-सहा दिवस जरा बरं वाटलं होतं" असं ते म्हणाले. ते त्यातल्या वेगळ्या गटाच्या टेब्युकोनॅझोलमुळे असणार, हा अंदाज तिथेच आला.

पण अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. औषध लागू न पडण्याची कारणं अनेक असतात, आणि बुरशीतला प्रतिकार हे त्यातलं एक. बाकीची कारणं आधी खोडून काढावी लागतात. नाहीतर चांगल्या औषधाला उगाच बाद ठरवून महागाच्या मागे लागतो आपण.

ही भुरीच आहे ना?

हसू नका, इथेच सर्वांत जास्त पैसे वाया जातात. काकडीवर भुरी आणि केवडा दोन्ही येतात, आणि आमच्याकडच्या मजुरांच्या बोलण्यात दोन्ही "फफूंद"च. भुरी म्हणजे पांढरी पावडर. पानाच्या वर, खाली, देठावरसुद्धा. बोट फिरवलं की बोटाला लागते. केवड्यात पानाच्या वरून पिवळे, शिरांनी आखल्यासारखे कोनदार डाग दिसतात आणि सकाळी दवात पान उलटलं तर त्याच डागांखाली करडी-जांभळट लव असते. केवड्याचा जीव खरी बुरशी नाहीच, तो वेगळ्या कुळातला आहे. म्हणून मेटॅलॅक्झिल केवड्यावर चालतं, भुरीवर नाही. हेक्झाकोनॅझोल भुरीवर चालतं, केवड्यावर नाही. लाल भोपळ्याच्या काही जातींच्या पानांवर जन्मतःच चंदेरी चट्टे असतात, ते बोटानं पुसले जात नाहीत. त्यावरही फवारणी केलेले लोक मी पाहिलेत.

शंका असेल तर पानं वर्तमानपत्रात गुंडाळून (पॉलिथिनमध्ये नको, घामेजून कुजतात) कस्तुरबाग्रामच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा शहरातल्या कृषी महाविद्यालयात दाखवून घ्या. सोबत आतापर्यंत काय, कधी, किती मारलं याची यादी न्या. तिच्याशिवाय कुणीच नीट सांगू शकत नाही.

औषध पानापर्यंत पोचलं का?

मामांच्या शेतात मी हे दोन प्रकारे पाहिलं. पहिला हिशेब कागदावर. समजा लेबलवर हेक्टरी 500 मिली औषध 500 लिटर पाण्यातून द्यायचं आहे. आपल्याकडे हेक्टरचे चार बिघे धरले तर बिघ्याला 125 मिली. वेल गुडघ्याएवढे असताना मामा बिघ्याला 15 लिटरचे चार पंप मारायचे, आणि वेल तारेवर चढले तरी चारच. लिटरला 1 मिली प्रमाण अगदी बरोबर, पण 60 लिटरमधून बिघ्याला गेलं 60 मिलीच. अर्ध्याहूनही कमी! प्रमाण बरोबर आणि मात्रा अर्धी, ही चूक इतकी सर्रास होते की मी आता आधी पंपच मोजायला लावते.

दुसरी तपासणी निळीची. पंपात साधं पाणी आणि कपड्याची नीळ घातली. पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या पानांच्या वरून आणि खालून टाचल्या. काही शेंड्याला, काही मधे, काही अगदी मल्चिंगजवळ. मग रोज फवारणाऱ्या दादांना म्हटलं, "रोजच्यासारखंच मारा, आज वेगळं काही नको." पट्ट्या काढून ओट्यावर लावल्या. वरच्या पट्ट्या ठिपक्यांनी भरलेल्या, मधल्या बऱ्या, आणि खालच्या पानांच्या पोटाला टाचलेल्या कोऱ्या करकरीत. दादा स्वतःच म्हणाले, "दीदी, नीचे तो गया ही नहीं." नोझल झिजलेलं होतं, थेंब मोठे पडत होते आणि नळी कायम वरून खाली धरलेली. भुरी नेमकी जुन्या, सावलीतल्या, खालच्या पानांवर सुरू होते. ही आंतरप्रवाही, म्हणजे पानात शिरून झाडात फिरणारी औषधं मुख्यतः वरच्या दिशेनं सरकतात. वरच्या पानावर पडलेलं औषध उतरून खालच्या पानाला वाचवत नाही.

एक खूण मात्र मनात ठेवा. पानाची वरची बाजू स्वच्छ आणि फक्त पोटाला भुरी असेल तर आधी फवारणीवर संशय घ्या. औषध नक्की पोचलेल्या वरच्या कोवळ्या पानांवर, वरच्या बाजूलाच, फवारणीनंतर आठवड्याच्या आत नवे ठिपके उमटत असतील तर संशयाची सुई औषधाकडे वळते. मामांकडे दोन्ही दिसत होतं. शेतात असंच असतं, एकाच कारणानं सगळं होतंय असं क्वचित.

म्हणून नोझल बदललं, बिघ्याला आठ पंप केले, आणि एझॉक्सिस्ट्रॉबिन पूर्ण मात्रेनं फक्त एका ओळीवर मारलं. शेजारच्या ओळीवर नुसतं पाणी. तिसऱ्या ओळीवर पाण्यात विरघळणारं गंधक, सकाळी लवकर. प्रत्येक ओळीत मधल्या उंचीची पंचवीस पानं रंगीत दोऱ्यानं बांधली, म्हणजे आठ दिवसांनी सोयीची पानं निवडून मोजण्याचा मोह होत नाही. पानाचा किती भाग पांढरा झाला ते डोळ्यांनी टक्क्यात लिहायचं आणि सरासरी काढायची. पाण्याच्या ओळीतून औषधाची ओळ वजा करा, उरलेल्याला पाण्याच्या ओळीनं भागा, शंभरनं गुणा. समजा पाण्याच्या ओळीत 40 टक्के आणि औषधाच्या ओळीत 35 टक्के, तर औषधाची परिणामकारकता फक्त 12.5 टक्के. पाण्याची ओळ सोडायला जीव होत नाही, मला कळतं. मामाही कुरकुरले. पण तिच्याशिवाय मोजमापच नाही. हवामान बदलून भुरी आपोआप कमी झाली तरी श्रेय औषधाला जातं.

आमच्या औषधाच्या ओळीत आणि पाण्याच्या ओळीत डोळ्यांना फरक करता येईना. गंधकाची ओळ मात्र दुरूनच हिरवी दिसत होती.

कागदी पेल्यातली रोपं

भुरीची बुरशी जिवंत पानावरच जगते. प्रयोगशाळेतल्या बशीत, अगारवर ती वाढत नाही, त्यामुळे तिची परीक्षा रोपांवरच घ्यावी लागते. अमेरिकेत लाँग आयलंडवर कॉर्नेल विद्यापीठाच्या मार्गारेट मॅकग्राथ भोपळावर्गीय पिकांच्या भुरीसाठी रोपांची अशीच चाचणी करत आल्या आहेत: औषध मारलेली रोपं रोगट शेतात काही तास ठेवायची आणि परत आणून वाट पाहायची. ती वाचल्यावर मला वाटलं, हे तर चहाच्या कागदी पेल्यांतही जमेल. तसं जमलंही.

बियाणं तेच, माती-कोकोपीट तेच. गॅलरीत चोवीस रोपं केली, आसपास काकडी-दुधीचा दुसरा वेल नाही अशा ठिकाणी. दोन खरी पानं फुटल्यावर शेतावर नेली. सहा रोपांवर साधं पाणी, सहांवर लेबलच्या मात्रेनं एझॉक्सिस्ट्रॉबिन, सहांवर टेब्युकोनॅझोल. उरलेली सहा काहीही न मारता घरीच ठेवली. ती शेतात न्यायचीच नाहीत. त्यांच्यावर भुरी आली तर समजायचं की बीजाणू घरीच आले आणि चाचणी बाद. लिटरभर पाण्याला 1 मिली मोजायला सुई काढलेली सिरिंज वापरा. स्वयंपाकघरातला चमचा त्यासाठी कधीही घेऊ नका. प्रत्येक औषधाला वेगळी फवाऱ्याची बाटली. गंधक या चाचणीत मी मुद्दाम घेतलं नाही, कारण त्याची वाफ शेजारच्या पेल्यांवरही काम करते आणि सगळा निकाल बिघडवते.

फवारलेली रोपं एक दिवस सुकू दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी रोगट ओळींच्या मधे ठेवली, संध्याकाळी उचलून घरी आणली. कोरड्या दुपारी भुरीचे बीजाणू भरपूर उडतात, तेवढा वेळ पुरतो. घरी पाणी फक्त मुळाशी, पानावर थेंब नको. या बुरशीला रुजायला पानावर पाणी साचावं लागत नाही, नुसती दमट हवा पुरते.

सहाव्या दिवशी आईनं हाक मारली, "अगं, तुझ्या पेल्यांत पीठ सांडलंय बघ." पाण्याच्या रोपांवर गोल पांढरे ठिपके उठले होते. एझॉक्सिस्ट्रॉबिनच्या रोपांवरही तितकेच, तसेच गोल. नवव्या दिवशी पेल्यांवरच्या चिठ्ठ्या झाकल्या तर कोणतं पाण्याचं आणि कोणतं औषधाचं हे आई ओळखू शकली नाही. टेब्युकोनॅझोलच्या सहा रोपांवर मिळून दोन बारीक ठिपके. घरी राहिलेली सहा रोपं स्वच्छ.

मग मामांना फोन केला. औषध बनावट असेल का, हे त्यांनी लगेच विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. म्हणून दुसऱ्या कंपनीचं, दुसऱ्या बॅचचं तेच तांत्रिक औषध आणून पेल्यांची दुसरी फेरी केली. निकाल तोच. एवढं झाल्यावरच मी "प्रतिकार" हा शब्द उच्चारला.

बुरशीला सवय लागते का?

"बुरशी औषधाला सरावली" असं आपण म्हणतो, पण एखादा बीजाणू औषध पिऊन पिऊन सरावत नाही. लाखो-करोडो बीजाणूंत दोन-चार आधीच वेगळे जन्मलेले असतात. स्ट्रॉबिल्युरिन बुरशीच्या पेशीतल्या सायटोक्रोम बी नावाच्या प्रथिनात अडकून तिचा श्वास थांबवतं. या प्रथिनात 143 व्या जागी ग्लायसिनऐवजी अ‍ॅलानिन आलं की औषध तिथे बसतच नाही. जनुकात एका अक्षराचा फरक, बस. फवारणीनं बाकीचे मरतात, ते दोन-चार उरतात, आणि पोषक हवेत आठवड्याच्या आत त्यांची पुढची पिढी तयार होते. पाच फवारण्यांनंतर शेतात त्यांचंच राज्य असतं.

अशा प्रतिकारात मात्रा दुप्पट करून काही होत नाही. कुलूपच बदललंय, तर तीच किल्ली जोरात फिरवून काय उपयोग? कार्बेन्डाझिमचंही असंच, थायोफेनेट मिथाइल त्याचाच भाऊ. बेनोमिल हे त्याच गटातलं औषध 1960 च्या दशकाच्या शेवटी आलं आणि 1969 पर्यंत अमेरिकेत भोपळावर्गीय भुरीनं त्याला दाद देणं थांबवलं होतं. स्ट्रॉबिल्युरिनं 1996 मध्ये बाजारात आली आणि 1998 मध्ये उत्तर जर्मनीत गव्हाच्या भुरीत प्रतिकार सापडला. दोन वर्षं!

टेब्युकोनॅझोल, हेक्झाकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल या ट्रायझोल गटाचं वेगळं आहे. तिथे औषध एकदम बंद पडत नाही, हळूहळू बोथट होत जातं. आधी दहा दिवस टिकणारं आठ दिवस टिकतं, मग सहा. अर्धी मात्रा मारणं इथे सर्वांत घातक, कारण अर्धवट टिकाव धरणारे सगळे वाचतात.

मग आम्ही काय केलं

गट 11 पूर्ण बंद. स्ट्रॉबिल्युरिनांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक 11, ट्रायझोलांचा 3, कार्बेन्डाझिमचा 1, मेटॅलॅक्झिलचा 4, बॉस्कॅलिड-फ्लुओपायरमचा 7. गंधक, तांबं, मॅन्कोझेब यांचे क्रमांक "एम" अक्षरानं सुरू होतात. औषध बुरशीवर कुठे वार करतं त्यावरून हे क्रमांक ठरतात, आणि बुरशीनाशकांच्या प्रतिकारावर 1981 पासून काम करणारी फ्रॅक ही संस्था ते ठरवते. आपल्याकडच्या बऱ्याच डब्यांवर हा आकडा ठळक दिसत नाही, तांत्रिक नाव मात्र असतंच. मामांच्या वहीच्या मागच्या पानावर मी तांत्रिक नाव आणि गट अशी यादी लिहून दिली आहे. आता ते दुकानात वही घेऊन जातात आणि दुकानदाराला आधी गट विचारतात.

तयार मिश्रणांबद्दल जास्त सावध राहा, हे मला मनापासून सांगायचंय. ज्या शेतात स्ट्रॉबिल्युरिन मेलेलं आहे, तिथे स्ट्रॉबिल्युरिन अधिक ट्रायझोल म्हणजे एकटं ट्रायझोल. पैसे दोघांचे, काम एकाचं, आणि त्या एकावर सगळा भार. असं करत राहिलो तर पुढच्या दोन-तीन हंगामांत तेही हातचं जाईल.

आमचा कणा आता गंधक आहे. बुरशीच्या पेशीत ते एकाच जागी नाही, अनेक जागी घाव घालतं, म्हणून इतकी वर्षं वापरूनही टिकलंय. पण काकडीवर्गाला ते उन्हात पोळतं. पारा 32 च्या वर जाणार असेल त्या दिवशी आम्ही मारत नाही. इंदूरला मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात 32 च्या आतला दिवस मिळणं अवघड होतं, तेव्हा गंधकाचा काळ जानेवारी ते मार्चचा पहिला पंधरवडा. आधी दहा वेलांवर मारून दोन दिवस पाहा. खरबुजावर फारच जपून. निंबोळी तेल किंवा कोणतंही तेल मारल्यावर दोन आठवडे गंधक नको. आणि ते स्पर्शजन्य आहे, म्हणजे पानाच्या पोटाला पोचलं नाही तर शून्य. निळीची परीक्षा इथेही पास व्हावी लागते.

पहिला ठिपका दिसायच्या आधी किंवा दिसताक्षणी गंधक, दोन गंधकांच्या मधे एक ट्रायझोल पूर्ण मात्रेनं, आणि आणखी जोर लागला तर गट 7, हंगामात एकदाच. त्या गटातही अनेक देशांत भुरीनं प्रतिकार दाखवला आहे, त्याला राखीव गडी म्हणूनच ठेवायचं. काकडी एक दिवसाआड तुटते, त्यामुळे लेबलवरचा काढणीपूर्व प्रतीक्षा काळ पाळता येईल असंच औषध निवडा आणि काकडीवर त्याची शिफारस आहे ना हे वाचा. मामांनी एक तोडा सोडून दिला पण चोइथराम मंडीत औषधाचा माल नेला नाही.

दूध-पाण्याबद्दल नेहमी विचारतात. 1999 मध्ये ब्राझीलमध्ये झुकिनीवर गायीच्या ताज्या दुधाचा प्रयोग छापून आला होता, हरितगृहातला, आणि परिणाम चांगला होता. गच्चीवरच्या चार वेलांना एक भाग दूध, नऊ भाग पाणी आठवड्यातून एक-दोनदा जरूर मारा. दोन बिघ्यांना परवडणारं नाही.

औषधाइतकाच फरक कुंपणावरची घोसाळी काढल्यानं पडला. (तिकडे तिला गिलकी म्हणतात.) ती वर्षभर हिरवी असायची आणि पावसाळ्यापासून भुरी सांभाळून ठेवायची, नवी काकडी वर आली की प्रतिकारक बीजाणू तयारच. जुने वेल हंगाम संपताच उपटून पुरायचे, ओळीतलं अंतर वाढवायचं, युरिया हात राखून. भुरीला सहनशील जातींची एक ओळ यंदा करून पाहिली, तिच्यावर एक फवारणी कमी लागली.

माळव्यात बटाटा करणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं. उशिरा येणाऱ्या करप्यावर, ज्याला तिथे पछेती झुलसा म्हणतात, मेटॅलॅक्झिल एकटंच मारल्यावर 1980 मध्ये आयर्लंड आणि नेदरलँड्समध्ये ते सपशेल फसलं. आपल्याकडे फवारणीसाठी ते मॅन्कोझेबबरोबर मिळतं, पण जोडीदार सोबत आहे म्हणून दर आठवड्याला मारायला मोकळीक मिळत नाही.

यंदा जानेवारीत पुन्हा पेले नेले, तशीच रोपं, तीच मोजणी. एझॉक्सिस्ट्रॉबिनची सहाही रोपं नवव्या दिवशी पांढरी. मामांनी वहीत गट 11 पुढे "यंदाही नाही" असं लिहिलं. टेब्युकोनॅझोलच्या रोपांवर गेल्या वर्षी दोन ठिपके होते, यंदा पाच निघाले. पाच म्हणजे फार नाहीत, पण दोनही नाहीत. म्हणून यंदा गट 3 ला हंगामात दोनच फवारण्या दिल्या, दोन्ही पूर्ण मात्रेनं आणि दोन्हींच्या आगेमागे गंधक. पेल्यांची पुढची फेरी काकडी लावल्यावर नाही, आता ऑक्टोबरमध्ये दुधीवरच करायची ठरली आहे.